कशानं झालं?

रुग्णालयात भेटायला येणारं माणूस शहाळं आणतं, बिस्किटांचा पुडा आणतं आणि सोबत एक कारणही आणतं. शहाळी-बिस्किटं मला चालत नव्हती. नाकातून नळी घातलेली होती आणि तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही अशी पाटी पलंगाला लावली होती. कारणं मात्र मुकाट्याने घ्यावी लागत. चुलतदिरांच्या मते हे सगळं मोबाइलमध्ये मान घालून बसल्यामुळे झालं. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या मते उशी उंच होती. मावससासूबाईंनी ओल्या केसांनी गच्चीवर जाण्यावर ठपका ठेवला. भावाने स्कूटी आणि खड्डे यांना दोष दिला. मग कुणीतरी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, "पार्लरमध्ये मान मोडली म्हणे तुमची?"

माझी मान कुणी मोडली नव्हती. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या एका धमनीच्या आतल्या अस्तराला चीर पडली होती, धमनीच्या भिंतीतच रक्त साचलं होतं, आणि तिथे धरलेल्या गुठळीमुळे मेंदूच्या देठाच्या (मेंदू मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागाच्या) एका कोपऱ्याचा रक्तपुरवठा तुटून झटका, म्हणजे स्ट्रोक, आला होता. वय ४१. शुगर नाही, तंबाखूचा संबंध नाही, अंगाने सडपातळ. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. 'शास्त्रीय कारणे लिहा' हा प्रश्न आमच्या पेपरात असतोच, प्रत्येकी दोन गुण. त्यामुळे कारणांच्या बाबतीत मी मुळातच जरा चिकट आहे. पलंगावर पडल्या पडल्या ठरवलं, की हे नक्की कशानं झालं ते नीट विचारून घ्यायचं.

आधी काय झालं ते क्रमाने सांगते, कारण पुढे सगळा वाद या क्रमावरच येऊन थांबणार आहे.

दिवाळीच्या आधी घरात सर्दी-खोकल्याची साथ होती. बाकीचे बरे झाले, माझा खोकला मात्र रेंगाळला. रात्री उठून बसावं लागे, बरगड्या दुखत. त्यातच साफसफाई निघाली. स्टुलावर उभं राहून छताच्या कोपऱ्यांतली जळमटं काढली, पंख्यांची पाती पुसली, माळ्यावरचे डबे खाली-वर केले. दिवसभर मान मागे टाकलेली. त्यानंतर एक-दोन दिवसांत डाव्या कानामागे, कवटी आणि मान जिथे जुळतात तिथे, दुखायला लागलं.

मानदुखी मला नवी नाही. गठ्ठ्यांनी वह्या तपासणाऱ्या कुणालाच ती नवी नसते. पण ही वेगळी होती. एकच जागा, एकाच बाजूला, सतत. मान वळवली तरी तेवढीच, स्थिर ठेवली तरी तेवढीच. बाम चोळला, गरम पाण्याची पिशवी घेतली, रात्री एक गोळी घेतली. कमी होई आणि परत येई. पुढे पुण्यात डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "असं दुखणं याआधी कधीच झालं नव्हतं, असं म्हणताय ना तुम्ही? हे वाक्य मला फार महत्त्वाचं आहे."

दुखणं असतानाच धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी पार्लरमध्ये गेले. चालवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी. केस थोडे कापायचे होते आणि धुवायचे होते. धुताना मान मागे टाकून बेसिनच्या कडेवर ठेवावी लागते, तशी ठेवली. "बाई, मान दुखतेय का? जरा चोळून देते," म्हणाली आणि खांद्यांवरून, मानेवरून हलकेच हात फिरवला. मान पिळली नाही, कटकन आवाज काढला नाही. एवढंच घडलं.

नरक चतुर्दशीला पहाटे उठले ती किंचित हेलपाटतच. झोप अपुरी झाली असेल असं वाटलं. तेल लावलं, उटणं लावलं, बादलीत कढत पाणी काढून विसण घातलं आणि तांब्या अंगावर घेतला. डाव्या हाताला पाणी कढत लागलं, उजव्या हाताला कोमट. आधी वाटलं, विसण नीट मिसळलं नाही. हाताने ढवळलं. पुन्हा तेच. उजव्या मांडीवर ओतलं तर पाणी पडतंय हे कळे, पण ते गरम आहे हे कळत नव्हतं. तोंडावर पाणी घेतलं तेव्हा डाव्या गालावर टाचण्या टोचल्या. विज्ञानाच्या बाईंना एवढी निरीक्षणं करायला वेळ मिळाला, कारण न्हाणीघर गरगर फिरायला लागलं ते त्यानंतर. मी डावीकडे कलंडले आणि भिंतीला धरून खाली बसले. बाहेर फटाके चालू होते, त्यामुळे हाक ऐकू जायला वेळ लागला. हाकसुद्धा घोगरी निघत होती.

घरात एकमताने निदान झालं: पित्त. पहाटेची वेळ, रिकामं पोट, त्यात खोकल्याची औषधं. सासूबाईंनी लिंबाचं सरबत करून आणलं. पहिला घोट घशाखाली गेलाच नाही, नाकातून बाहेर आला. ते बघून नवऱ्याने गाडी काढली.

सणाचा दिवस. जवळच्या रुग्णालयात तातडीच्या विभागात एकच तरुण डॉक्टर होता. उलट्या, चक्कर, डोळे आपोआप एका बाजूला थडथडणारे. त्याने कानाच्या आतल्या भागाची चक्कर म्हणून इंजेक्शन दिलं, डोक्याचा सीटी स्कॅन करून घेतला. सीटी स्वच्छ आला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मेंदूच्या देठातला ताजा झटका साध्या सीटीवर बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला नंतर समजलं. दुपारी फिजिशियन आले, म्हणाले, "वहिनी, माझ्याकडे सरळ बघा." डाव्या डोळ्याची पापणी थोडी खाली आली होती आणि त्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा लहान होती. त्यांनी खिशातला धातूचा चिमटा गालांना आणि हातांना लावून "कुठे गार लागतं, कुठे नाही?" विचारलं. 'आ' करायला लावून टॉर्चने घसा पाहिला. मग बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं, की ही कानाची चक्कर नाही. संध्याकाळी एमआरआय झाला आणि त्यात झटक्याचा पांढरा ठिपका दिसला. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ती वेळ केव्हाच टळली होती.

रात्रीच पुण्याला हलवायचं ठरलं. ज्याला चक्कर येतेय त्याला रुग्णवाहिकेत आडवं घालून खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या त्या वळणावरून नेणं काय असतं, याबद्दल मी लिहीत नाही.

माझ्या लक्षणांच्या या गुंत्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. आडॉल्फ वॉलेनबर्ग या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली त्याचं वर्णन केलं. चेहऱ्याचा डावा भाग आणि शरीराचा उजवा भाग बधिर, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यामागची जोडणी मला फार आवडली (पडल्या पडल्या आवडली, हेही सांगते). शरीराकडून येणारे वेदनेचे आणि उष्ण-थंडाचे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलून वर येतात. चेहऱ्याचे तंतू देठाच्या त्या पातळीला अजून आपल्याच बाजूने खाली उतरत असतात. त्यामुळे डावीकडचा एकच छोटा कोपरा बंद पडला की डावा गाल आणि उजवं अंग दोन्ही एकदम गार-गरम विसरतात. गिळण्याची आणि आवाजाची केंद्रंही तिथेच शेजारी. पापणीचं ते लटकणं म्हणजे हॉर्नर सिंड्रोम. हॉर्नर हे स्वित्झर्लंडचे नेत्रतज्ज्ञ, वर्णन १८६९ सालचं. उचकीसुद्धा याच कोपऱ्याची देणगी. मला सतत उचक्या लागत आणि येणारं प्रत्येक माणूस विचारी, "कोण एवढी आठवण काढतंय?"

आता मुख्य प्रश्न. गुठळी आली कुठून?

पुण्यातल्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी मानेच्या रक्तवाहिन्यांची सीटी ॲन्जिओग्राफी आणि मानेचा खास एमआरआय करून घेतला. त्या एमआरआयमध्ये चरबीचा पांढरा रंग दाबून टाकतात, म्हणजे भिंतीत साचलेलं रक्त उठून दिसतं. माझ्या डाव्या धमनीभोवती चंद्रकोरीच्या आकाराचा पांढरा डाग होता. मधून रक्त जायला चिंचोळी वाट उरलेली. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. "डिसेक्शन. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आतल्याला चीर गेली की रक्त थरांच्या मध्ये घुसतं. कधी कधी चीर नसतानाही भिंतीतलीच बारीक रक्तवाहिनी फुटते." ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटतो, तसं आतलं अस्तर सुटून वाटेत आलं होतं. खडबडीत झालेल्या त्या जागी रक्त गोठतं, आणि गुठळीचा तुकडा सुटून वर गेला की झटका.

मेंदूला चार धमन्या रक्त पुरवतात. पुढून दोन कॅरोटिड, मागून दोन व्हर्टिब्रल. माझी बिघडली ती डावी व्हर्टिब्रल. ही धमनी मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर, मणक्यांच्या बाजूच्या भोकांमधून ओवलेली असते. पहिल्या मणक्याशी ती बाहेर येऊन वळसा घेते आणि मग कवटीत शिरते. आपण मान डावी-उजवीकडे वळवतो, त्यातलं जवळपास निम्मं वळणं पहिल्या दोन मणक्यांमध्येच होतं. म्हणजे धमनी जिथे हाडांत अडकलेली आहे, तिथेच मान सगळ्यात जास्त फिरते. निसर्गाने ही रचना केली तेव्हा जळमटांचा विचार केलेला दिसत नाही.

एकूण मेंदूच्या झटक्यांपैकी साधारण २ टक्केच या कारणाने येतात. पण तरुण आणि मध्यमवयीन रुग्णांत हा वाटा १० ते २५ टक्के धरला जातो. रुग्णांचं सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास. मला हे ऐकून बरं वाटलं म्हणणं चमत्कारिक होईल, पण 'तुम्हाला इतक्या लवकर कसं?' या प्रश्नाचं उत्तर तरी मिळालं.

मग डॉक्टरांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही उलटतपासणी मला पूर्ण आठवते, कारण तिचा क्रम मला अपेक्षित नव्हता. मला वाटलं होतं, पहिला प्रश्न मानेला कुणी हात लावला का असा असेल. पहिला प्रश्न होता: अंगठा वाकवून मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो का?

टेकत नाही. सहज काळंनिळं पडतं का? कातडीखालच्या शिरा फार स्पष्ट दिसतात का? घरात कुणी अवाजवी उंच, लांब बोटांचं? कुणी तरुणपणी अचानक गेलं का? या प्रश्नांमागे एक वेगळाच गट होता. शरीराला बांधून ठेवणारं कोलॅजन किंवा तसलं दुसरं प्रथिन जन्मतःच कच्चं असलेले लोक. एहलर्स-डॅनलॉसचा रक्तवाहिन्यांचा प्रकार, मारफान सिंड्रोम. असे रुग्ण फार थोडे निघतात, पण सापडले तर सगळं वागणं बदलावं लागतं, म्हणून आधी विचारायचं. मग पोटाची ॲन्जिओग्राफी. मूत्रपिंडाच्या धमन्या मण्यांच्या माळेसारख्या दिसल्या तर फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेझिया नावाचा भिंतीचा विकार असतो, आणि तो मानेतल्या धमन्यांनाही सोडत नाही. माझ्या स्वच्छ होत्या.

अर्धशिशी आहे का? आहे, कॉलेजपासून. डॉक्टरांनी मान डोलावली. अर्धशिशी असणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे दुप्पट आढळतं. रक्तदाब? मी म्हटलं नॉर्मल, पण दाखल झाल्यापासून तो वरच होता आणि नंतरही थोडा वरच राहिला. रक्तदाब हा खरा साथीदार. कोलेस्टेरॉल आणि जाडी यांचं मात्र उलटं निघालं. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात, डिसेक्शन झालेल्यांत या दोन्ही गोष्टी इतरांपेक्षा कमीच आढळल्या. 'एवढी बारीक, तिला कसा लकवा?' म्हणणाऱ्या सगळ्यांना मी हे ऐकवलं. पीएचएसीटीआर१ या जनुकाच्या जवळचा एक फरक २०१५ साली सापडला. त्याचं एक रूप मानेच्या या आजारापासून आणि अर्धशिशीपासून थोडं वाचवतं आणि हृदयविकाराचा धोका मात्र थोडा वाढवतं. माझ्या वाट्याला कुठलं रूप आलं ते तपासलं नाही. त्याने उपचार बदलणार नव्हते.

बाळंतपण जवळचं? नाही. अपघात? नाही. अलीकडे ताप, सर्दी, घसा? इथे मी खोकल्याबद्दल सांगितलं. मला वाटलं, खोकून खोकून हिसका बसला असेल, असं त्या म्हणतील. त्या म्हणाल्या, हिसका हा एक भाग. पण आधीच्या आठवड्यांत संसर्ग झालेला असणं हेच या रुग्णांत जास्त दिसतं, आणि नुसत्या खोकण्या-शिंकण्याने त्याचा हिशोब लागत नाही. संसर्गाने काही काळ भिंतीच सुजून नाजूक होत असाव्यात असा अंदाज आहे. थंड देशांत हे रुग्ण पानगळीच्या आणि हिवाळ्याच्या दिवसांत वाढतात, त्यामागे हेही एक कारण असावं.

मग साफसफाई. छत रंगवणं हे तर या आजाराच्या पुस्तकांतलं नेहमीचं उदाहरण. त्यांनी यादीच सांगितली: मान मागे टाकून काम, जोरदार उलट्या, वजन उचलणं, टेनिस, गाडीला मागून धक्का बसणं, शीर्षासन, मान पिळून केलेला उपचार. युरोपातल्या त्याच अभ्यासात सुमारे ४० टक्के रुग्णांनी आधीच्या महिन्याभरात मानेला असा काहीतरी ताण पडल्याचं सांगितलं होतं. इतर प्रकारचा झटका आलेल्यांत हा आकडा १० टक्के होता. यातले बहुतेक ताण किरकोळ होते. कुणाचीही मान कुणीही मोडलेली नव्हती.

सगळ्यात शेवटी पार्लर.

त्या वेळेपर्यंत साताऱ्यात काय चाललं होतं ते मला नीट माहीत नव्हतं. माझ्या केसपेपरवर कुणा शिकाऊ डॉक्टरने 'मानेचे मालिश केल्यानंतर' असा शेरा लिहिला होता. तो नवऱ्याने वाचला, दिरांनी वाचला, आणि गल्लीत पोचेपर्यंत त्याचं 'मान मोडली' झालं. त्या मुलीच्या पार्लरमधल्या भाऊबिजेच्या आधीच्या ठरलेल्या वेळा लोकांनी रद्द केल्या. एक नातेवाईक पोलिसांत तक्रार देऊ म्हणत होते. मेडिक्लेमच्या कंपनीकडूनही विचारणा आली: हा आजार की अपघात? अपघात असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद) केली होती का? ती मुलगी आईला घेऊन पुण्याला आली, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "बाई, मी पिळली नव्हती." मला बोलता येत होतं, पण आवाज एवढा घोगरा की तिला ऐकायला वाकावं लागत होतं. मी म्हटलं, मला माहितीये.

पण मला माहीत असणं पुरेसं नव्हतं. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, हिच्यामुळे झालं का?

त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं देऊ शकत नाही, पण मुद्दा असा होता. केस धुताना मान मागे टाकल्याने झटका येऊ शकतो, हे खोटं नाही. १९९३ साली अमेरिकेत मायकेल वाइनट्रॉब या न्यूरोलॉजिस्टने पाच स्त्रियांची अशी नोंद प्रसिद्ध केली आणि 'ब्यूटी पार्लर स्ट्रोक' हे नाव तेव्हापासून रुळलं. मान झटक्यात पिळण्याबद्दलचे इशारे तर अमेरिकन हार्ट असोसिएशननेही २०१४ साली दिलेले आहेत. संबंध आढळतो, कारण सिद्ध झालेलं नाही, पण रुग्णाला आधी सांगा, असा त्यांचा सूर आहे. आपल्याकडच्या सलूनमध्ये चंपीनंतर मान कडाकड मोडून देतात त्याला डॉक्टरबाईंचा साफ विरोध होता.

तरीही गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मान दुखू लागते तीच मुळात धमनी फाटल्यामुळे. झटका त्यानंतर काही तासांनी, काही दिवसांनी, कधी एक-दोन आठवड्यांनी येतो. मधल्या काळात ज्याची मान दुखते तो माणूस काय करतो? चोळून घेतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मागच्या धमन्यांचा झटका आलेल्या ८१८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. पंचेचाळिशीच्या आतल्या रुग्णांत झटक्याआधी मान पिळून उपचार करणाऱ्या कायरोप्रॅक्टरकडे जाण्याचं प्रमाण जास्त होतंच. पण साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याचं प्रमाणही तसंच जास्त निघालं, आणि फॅमिली डॉक्टर काही मान पिळत नाही. म्हणजे निदान काही रुग्ण तरी फाटलेली धमनी घेऊनच उपचाराला गेले होते. या अभ्यासावर आक्षेपही आहेत, आणि त्याने मान पिळणं निर्दोष ठरत नाही. पण क्रम तपासल्याशिवाय बोट दाखवू नये, एवढं त्यातून नक्की कळतं.

माझा क्रम स्पष्ट होता. दुखणं आधी, पार्लर नंतर. डॉक्टरांचा कौल असा की चीर बहुधा साफसफाईच्या वेळी किंवा खोकल्याच्या काळात पडली असावी. भिंत संसर्गाने आणि अर्धशिशीच्या प्रकृतीने आधीच हळवी असावी. बेसिनवर मान टाकल्याने गुठळी हलली असेल का? "नाही असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या मुलीने तुमची धमनी फाडली असंही मी लिहिणार नाही." त्यांनी विमा कंपनीला पत्र दिलं: आजार, आपोआप उद्भवलेला. 'आपोआप' या शब्दावर मी जरा कुरकुरले. इतकी कारणं विचारून झाल्यावर आपोआप? त्या हसल्या. जिथे पाच अर्धवट कारणं असतात आणि पूर्ण एकही नसतं, तिथे आम्ही असं लिहितो, म्हणाल्या. माझ्या पेपरात या उत्तराला दोनपैकी एकच गुण मिळाला असता. क्लेम थोडी कापाकापी होऊन मंजूर झाला.

तक्रारीचा विषय मी घरात बंद केला. सासूबाईंनी मला न विचारता आणखी एक गोष्ट केली. घरी परतल्यावर त्या स्वतः त्या पार्लरमध्ये जाऊन बसल्या आणि भुवया कोरून आल्या, आयुष्यात पहिल्यांदा. गल्लीला जे समजायचं ते समजलं.

उपचारांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे दोन मार्ग आहेत. एक ॲस्पिरिनच्या जातीचा, दुसरा वॉरफरिनच्या जातीचा. २०१५ साली ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या २५० रुग्णांवरच्या चाचणीत दोन्हींत फारसा फरक दिसला नाही, कारण दोन्ही गटांत पुन्हा झटका आलेलेच मोजके होते. मला काही आठवडे ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, पुढे नुसतं ॲस्पिरिन दिलं. रक्तदाबाची एक छोटी गोळी. स्टेंट वगैरे नाही. धमनी आपली आपण भरून येते, तिला वेळ द्यायचा.

वेळ लागला तो गिळायला. नळीतून ताकाएवढं पातळ करून भरलेलं जेवण पोटात जाई आणि जीभ उपाशी राही. स्पीच थेरपिस्ट मुलगी रोज येई, हनुवटी छातीला टेकवून, मान उजवी-डावी फिरवून कोणत्या बाजूने घास उतरतो ते बघे. आधी घट्ट पेज, मग शिरा, मग मऊ भात. पातळ पाणी सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात आधी श्वासनलिकेत घुसतं. हे मला उलटं वाटायचं. चालताना अनेक दिवस मी डावीकडे ओढली जात असे. फिजिओथेरपीच्या खोलीत जमिनीवर पिवळी पट्टी आखलेली होती. त्या पट्टीवरून सरळ चालून दाखवणं हे माझं त्या काळातलं सगळ्यात मोठं यश.

काही महिन्यांनी पुन्हा ॲन्जिओग्राफी झाली. धमनी उघडली होती, एका ठिकाणी किंचित बारीक आहे, तेवढंच. पुन्हा होईल का, हा प्रश्न मी, नवऱ्याने आणि बहिणीने स्वतंत्रपणे विचारला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९४ साली २०० रुग्णांचा पाठपुरावा छापला होता. पहिल्या महिन्यात २ टक्के आणि त्यानंतर वर्षाला साधारण १ टक्का, असा त्यांचा हिशोब. पहिला महिना मी काढला होता. बहिणीला तपासण्या करायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. कोलॅजनचा काही दोष निघाला असता तर गोष्ट वेगळी. घराण्यातून हा आजार क्वचितच येतो. तिला फक्त रक्तदाब बघायला सांगितला. तिने लगेच घरात यंत्र आणलं आणि आता ती माझ्यापेक्षा जास्त वेळा मोजते.

जे राहिलं ते असं: उजव्या पायाला अजून गार-गरम नीट कळत नाही. डावी पापणी दमल्यावर उतरते, फोटोत दिसते. आवाज जवळजवळ पूर्वीसारखा, फक्त चौथ्या तासानंतर बसतो. केस मी त्याच पार्लरमध्ये धुते, पुढे वाकून. तिने आता सगळ्यांसाठीच बेसिनच्या कडेला जाड टॉवेलची घडी ठेवली आहे आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांना ती आधी मान दुखते का विचारते. जळमटं काढायला लांब दांड्याचा कुंचा आला आहे. तो नवऱ्याच्या हातात असतो.

काय चालतं आणि काय नाही याचा एक कागद डॉक्टरांकडून लिहून घेतला होता. चालणं, पोहणं, प्राणायाम, ताडासन, वृक्षासन चालेल. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नाही. पाळण्यात, रोलरकोस्टरवर बसायचं नाही, मान कुणाकडून मोडून घ्यायची नाही. जूनमध्ये शाळा उघडली आणि लगेच २१ तारखेचा योगदिन आला. दरवर्षी पहिल्या रांगेत बसून मीच मुलांना आसनं करून दाखवते. मुख्याध्यापकांना तो कागद दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचला, पीटीच्या सरांना पुढे बसवलं आणि सूचना द्यायला माइक माझ्याकडे दिला. सकाळची वेळ होती, आवाज ठणठणीत होता. सर सर्वांगासनाला आले तेव्हा मी मुलांना सांगितलं, ज्यांची मान दुखतेय त्यांनी हे करायचं नाही. निम्म्या वर्गाची मान तत्काळ दुखायला लागली.